पेला निर्दोष नसतो

गेल्या काही वर्षांत आमच्या समाजात एक नवे शास्त्र अवतरले आहे. ते मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांबरोबर आले, आखातातून सुटीवर येणाऱ्या मुलांच्या बॅगांतून आले, आणि आता शेगाव-पंढरपूर मार्गाने मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावीही येऊन पोहोचले आहे. या शास्त्राचा सिद्धान्त असा, की पिणे वाईट नव्हे, वाईट पेल्यातून पिणे वाईट. व्हिस्कीला अमुक आकाराचा पेला हवा, वाइनला तमुक, बिअरला तिसराच. पेला योग्य असला म्हणजे रुची कळते. रुची कळली म्हणजे माणूस सावकाश पितो. आणि सावकाश पिणारा माणूस सुसंस्कृत ठरतो. परिणामी लग्नाच्या भेटवस्तूंत आता सहा-सहा पेल्यांचे संच येतात आणि दिवाणखान्याच्या कपाटात, पवित्र मरियेच्या प्रतिमेखालच्या फळीवर, ते दिमाखाने विराजमान होतात.

या शास्त्रास विरोध करणारा दुसरा पक्षही आमच्यांतच आहे. तो म्हणतो, दारू ती दारू. सोन्याच्या पेल्यात ओता की नारळाच्या करवंटीत, परिणाम एकच. पेल्याची चर्चा करणे हाच मुळी चावटपणा. हे बोलणे ऐकावयास कणखर वाटते आणि प्रवचनात शोभूनही दिसते.

आमचे म्हणणे असे, की दोन्ही पक्ष चुकले आहेत, आणि त्यांच्या चुकीची किंमत तिसराच कोणी मोजतो आहे. पेल्याने फरक पडत नाही, हे खोटे आहे. फरक पडतो, आणि पुष्कळ पडतो. परंतु तो फरक माणसाला सुसंस्कृत करण्याच्या दिशेनेच पडतो, हे त्याहूनही खोटे आहे. पेला हे निर्दोष भांडे नव्हे. तो डोळ्याशी, नाकाशी, हाताशी आणि शेजारच्या माणसाशी काही तरी बोलत असतो. तो खरे बोलतो की खोटे, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम नव्या शास्त्रातील सत्यांश मान्य करू. आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वस्तुतः वास असतो. सर्दी झालेल्या माणसाला आमटी आणि गरम पाणी सारखेच लागते, हा अनुभव सर्वांना आहे. तेव्हा ज्या भांड्यात वास साठून राहील त्यात पेयाची रुची अधिक कळणार, हे उघड आहे. खाली फुगीर आणि वर निमुळता असा कळीच्या आकाराचा पेला याच तत्त्वावर बनवितात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७ साली वाइन चाखण्याच्या पेल्याचे मापच ठरवून दिले. एकूण धारणा सुमारे २१५ मिलिलिटर, आणि त्यात ओतावयाचे केवळ ५०. उरलेली जागा वासासाठी. स्कॉटलंडमध्ये २००१ साली ग्लेनकेर्न नावाचा व्हिस्कीचा पेला बाजारात आला, तोही याच घराण्यातला. २०१५ साली टोकियोच्या संशोधकांनी पेल्यातून उठणाऱ्या मद्यार्काच्या वाफेची चित्रे एका खास कॅमेऱ्याने टिपली. वाइनच्या निमुळत्या पेल्यात, १३ अंश तापमानास, ही वाफ काठाशी कड्यासारखी गोळा झालेली दिसली आणि मध्यभागी ती विरळ होती. म्हणजे पिणाऱ्याच्या नाकाला मद्यार्काच्या झोताआड न दडलेला सुगंध मिळत होता. सरळ पेल्यात असे कडे आढळले नाही. हे सारे खरे आहे आणि ते नाकारण्याचे आम्हांस काहीच कारण नाही.

मात्र या सत्यांशाबरोबर बरीच भाकडकथाही खपविली जाते. अमुक आकाराचा पेला पेयाला जिभेच्या अमुक भागावर नेऊन सोडतो, टोकाला गोड कळते, कडांना आंबट, मागे कडू, असे सांगितले जाते. जिभेचा हा नकाशा आमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात पाहिला असेल. तो हेनिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या १९०१ सालच्या निबंधाचा पुढे चुकीचा अर्थ लावल्यामुळे रूढ झाला. सर्व रुची जिभेच्या सर्व रुचिग्राही भागांवर कळतात, हे आता सिद्ध झालेले आहे. आणखी एक गोष्ट. ज्या पेयात हुंगण्याजोगे काही असेल त्याच्यासाठीच हुंगण्याचा पेला. आपल्या देशात व्हिस्की म्हणून जे मोठ्या प्रमाणावर विकले जाते, त्याचा बराचसा भाग मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो. त्याला कळीच्या पेल्यात घालून डोळे मिटणे म्हणजे प्लास्टिकच्या मोगऱ्याचा वास घेणे होय.

पेल्याच्या आकाराने पिण्याचा आनंद बदलतो, हे कळण्यासाठी स्कॉटलंडला जाण्याचीही गरज नाही. आमच्या घरातील चहाची बशी घ्या. उथळ आणि पसरट. चहा त्यात ओतला की हवेशी त्याचा संबंध वाढतो आणि तो क्षणात पिण्याजोगा होतो. बांधावर जाण्याची घाई असलेल्या माणसाने हे गणित कोणत्याही प्रयोगशाळेवाचून सोडविले. तांब्याचा गळा अरुंद, म्हणून डोक्यावरून वा हातातून नेताना पाणी हिंदकळत नाही. फुलपात्राचा काठ फुलासारखा बाहेर वळलेला, म्हणून ओठ न लावता वरून धार धरता येते. आणि जालन्याची मोसंबी, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा रस गाड्यावर कशातून मिळतो तेही पाहावे. उंच, सडपातळ, जाड बुडाच्या काचेच्या ग्लासातून. हातात घेताना वाटते, केवढा रस मिळाला! घरी येऊन तोच रस वाटीत ओतला तर दोन वाट्यांतच संपतो.

येथून पेल्याच्या दुसऱ्या चेहऱ्यास आरंभ होतो. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग शिक्षणशास्त्र शिकलेल्या आमच्या शिक्षकबंधूंना ठाऊक असेल. लहान मुलासमोर बसक्या भांड्यातील पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतले आणि विचारले, पाणी वाढले का? सहा-सात वर्षांखालील मूल बहुधा म्हणते, वाढले. मोठी माणसे या उत्तरास हसतात. पण हातात पेला आला की हीच मोठी माणसे पुन्हा त्या मुलाच्या वयाची होतात.

हे आमचे कीर्तन नव्हे, मोजलेली गोष्ट आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टॉल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना सरळ पेल्यातून आणि काहींना बाकदार पेल्यातून बिअर दिली. बिअर तेवढीच, भरलेला पेला तेवढाच. सरळ पेल्यातून पिणाऱ्यांना ती संपविण्यास सुमारे ६० टक्के अधिक वेळ लागला. पेला अर्धाच भरलेला असता हा फरक दिसला नाही, आणि मद्य नसलेले पेय दिल्यावरही दिसला नाही. याचे एक कारण संशोधकांनी असे सुचविले, की बाकदार पेल्यात अर्धे कोठे आले हे डोळ्याला नीट ठरविता येत नाही. वर रुंद होत जाणाऱ्या पेल्याचे साधे गणित पाहा. पूर्ण शंकूच्या आकाराचा पेला निम्म्या उंचीपर्यंत भरला तर त्यात निम्मे पेय नसते. केवळ एक-अष्टमांश असते. पिणारा म्हणतो, आता कुठे अर्धा झाला. प्रत्यक्षात आठांपैकी सात भाग पोटात गेलेले असतात.

केंब्रिजच्या अभ्यासकांनी २०१७ साली याहून बोलका हिशेब मांडला. त्यांनी इंग्लंडमधील गेल्या तीनशे वर्षांचे वाइनचे पेले मोजले. अठराव्या शतकातील पेल्यात सरासरी ६६ मिलिलिटर मावत असे. २०१६-१७ च्या सुमारास ४४९ मिलिलिटर. सुमारे सातपट! या तीनशे वर्षांत माणसाचे नाक सातपट मोठे झाले नाही, की जीभ. मग पेला कोणासाठी मोठा झाला? काचेचे शास्त्र सुधारले, फॅशन बदलली, हे सर्व आहेच. परंतु मोठ्या पेल्यात थोडे ओतले की कंजूषपणा दिसतो आणि यजमानाचा हात आपोआप सैल सुटतो, हे विकणाऱ्यास लाभाचेच आहे.

वाचकांनी घरीच एक प्रयोग करावा. त्यासाठी मद्य नको, पाणी पुरे. औषधाच्या बाटलीवरील मापाने ३० मिलिलिटर पाणी मोजावे. त्याला बाजारात छोटा पेग म्हणतात. ते ८ सेंटिमीटर रुंद अशा बसक्या, जड ग्लासात ओतावे. पाण्याची उंची भरेल सुमारे ६ मिलिमीटर. तळ जेमतेम ओला. तेच पाणी ५ सेंटिमीटर रुंदीच्या ग्लासात ओतले तर दीड सेंटिमीटर उभे राहील. आता रुंद ग्लासातही दीड सेंटिमीटर दिसेपर्यंत पाणी ओतत जावे आणि मग मोजावे. ते ७५ मिलिलिटर भरेल, म्हणजे अडीच पेग. ज्या संचाला आपण राजेशाही म्हणून कपाटात बसवितो, तो बहुधा याच रुंद घराण्यातला असतो. पाहुण्याचा मान राखण्यासाठी यजमान ‘थोडीशीच’ ओततो, पाहुणा ‘दोनच’ घेतो, आणि दोघेही प्रामाणिक असतात. खोटे बोललेला असतो तो पेला.

तेव्हा पेल्याच्या शास्त्रींना आमचा प्रश्न असा. आपण पेला निवडता, ठीक. पण कोणता निवडता? थोडे ओतून पुष्कळ वास देणारा, की पुष्कळ ओतून थोडे दाखविणारा? पहिला निवडल्यास तुमच्या शास्त्रात काही अर्थ आहे. दुसरा निवडल्यास त्याचे नाव संस्कृती नव्हे. ती फसवणूक आहे, आणि तीही पैसे देऊन विकत घेतलेली.

परंतु हा वाद झाला कपाट असलेल्यांचा. मंठा तालुक्यात फिरताना आम्हांस जे भांडे सर्वाधिक दिसते ते या शास्त्राच्या एकाही पुस्तकात नाही. त्या भांड्याचे नाव चपटी. भाषेची करामत पाहा! पेय मागे पडले आणि भांड्याच्या आकारालाच नाव मिळाले. १८० मिलिलिटरची ही बाटली चपटी का असते? सुगंधासाठी नव्हे, हातात नीट बसावी म्हणूनही नव्हे. ती पँटच्या मागच्या खिशात, बंडीच्या आत, मोटारसायकलच्या डिकीत दिसू नये म्हणून चपटी असते. तिच्या आकाराचा हेतू लपणे हा आहे; बायकोपासून, मुलांपासून, आईपासून लपणे. पूर्वी नवटाक हे साधे माप होते, पावशेराचा अर्धा भाग. घरात तेल-दूध त्याने मोजीत. आज नवटाक म्हटले की ९० मिलिलिटरची देशी बाटलीच डोळ्यांपुढे येते. मोजण्याचा शब्द होता, तो न मोजता पिण्याचा झाला.

चपटीचे गणितही मांडून ठेवू. १८० मिलिलिटर म्हणजे छोटे पेग सहा. भारतीय व्हिस्कीत मद्यार्क साधारणपणे ४२.८ टक्के असतो. म्हणजे एका चपटीत निव्वळ मद्यार्क ७७ मिलिलिटर. ती पिण्याची जागा म्हणजे ढाब्याची मागची बाजू, बाभळीची सावली, बंद पडलेल्या जिनिंगची भिंत. पिण्याचे भांडे म्हणजे पातळ प्लास्टिकचा ग्लास. महाराष्ट्राने २०१८ साली आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून या ग्लासांवर बंदी घातली, तरी तो तेथे पडलेला असतोच. हा ग्लास इतका हलका, की खाली ठेवला तर वाऱ्याने उलटतो. म्हणून तो खाली ठेवायचाच नसतो. एका घोटात रिकामा करायचा आणि चुरगळून टाकायचा. जे भांडे टेबलावर ठेवता येत नाही त्यातून सावकाश कसे प्यावे? जे लपून प्यायचे ते गप्पा मारीत कसे प्यावे? आणि रिकामी चपटी बांधावर फुटते, तेव्हा तिची काच कापूस वेचणाऱ्या बाईच्या पायात जाते. पिणारा कोणी, रक्त कोणाचे!

एका साखरपुड्याचे दृश्य आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. मांडवात मुंबईचे पाहुणे निमुळत्या पेल्यांतून व्हिस्की घेत होते आणि पेला कसा धरावा याचे धडे तरुणांना देत होते. मांडवामागे मुलीचा काका दोघा सोबत्यांसह चपटी संपवीत होता. समोर येऊन पिण्याची त्याची पायरी नव्हती. कपड्यांची नव्हती आणि भाषेचीही नव्हती. मद्य कदाचित एकाच कारखान्याचे असेल. पुढच्यांना आपण रसिक म्हटले आणि मागच्याला दारुडा. रात्री त्याला घरी नेणाऱ्या त्याच्या पत्नीच्या दृष्टीने दोन्ही पेल्यांत काय अंतर होते, हे आमच्या पेलेशास्त्र्यांनी सांगावे.

भांड्यावरून माणसाची पायरी ठरविण्याचा हा रोग आमच्या मराठवाड्यास नवा नाही. आमच्या धर्मग्रामांतील वृद्धांना विचारा. चहाच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेला किंवा कोनाड्यात ठेवलेला तो वेगळा कप, बहुधा कान तुटलेला, त्यांनी पाहिलेला आहे. कित्येकांनी त्यातून चहा प्यालेला आहे आणि पिऊन झाल्यावर स्वतःच विसळून परत ठेवलेला आहे. चहा तोच, दूध तेच, साखर तीच. त्या चहाची चव इतरांच्या चहासारखीच होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्यायले आणि १९७२ साली डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभारली, ती तहान भागविण्यासाठी नव्हे; भांडे आणि पाणवठा यांनी माणसावर मारलेला शिक्का पुसण्यासाठी. भांड्याने पेयाचा आनंद बदलतो याचा याहून सबळ पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

योहानच्या शुभवर्तमानातील विहिरीवरची शोमरोनी स्त्री प्रभूला पाणी देण्यापूर्वी नवल करते. यहुदी आणि शोमरोनी यांचा व्यवहार नसे, असे तेथे म्हटले आहे. त्या ठिकाणच्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ काही अभ्यासक ‘एकत्र भांडी वापरणे’ असा लावतात. तसा तो लावला की प्रसंग आमच्या गावचाच वाटू लागतो. प्रभूजवळ पोहरा नव्हता. तो तिच्याच भांड्यातून पिणार होता.

आणि येथेच दुसऱ्या पक्षालाही, म्हणजे पेल्याची चर्चाच नको म्हणणाऱ्यांना, आम्ही उत्तर देऊ इच्छितो. पेल्याने काही फरक पडत नसता, तर ख्रिस्तसभेने चषकासंबंधी एवढे नियम का केले असते? २००२ सालच्या मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण निर्देशांत आणि एप्रिल २००४ मध्ये रोमने प्रसिद्ध केलेल्या सूचनापत्रात हे नियम स्पष्ट आहेत. चषक उदात्त द्रव्याचा असावा, तो द्रव शोषून घेणारा नसावा; काच, माती वा सहज फुटणाऱ्या पदार्थाची भांडी वापरू नयेत. आकार मात्र त्या त्या देशातील कलावंतावर सोपविला आहे. चषकाच्या दांड्यावर जी गाठ असते ती केवळ शोभेची नव्हे. जुन्या विधीत अभिषेकानंतर धर्मगुरू अंगठा आणि तर्जनी जुळवूनच ठेवीत. उरलेल्या बोटांनी चषक घट्ट धरता यावा म्हणून ती गाठ उपयोगी पडे. म्हणजे आकाराला कारण असते, हे वेदीवर उभे राहणाऱ्यास रोज कळते.

‘फादरही पितातच की!’ हा आमच्या धर्मग्रामांतील जुना विनोद आहे. त्यास आमचे उत्तर एवढेच, की चषक नीट पाहावा. भांडे घरातले सर्वांत मौल्यवान, आणि त्यात ओतायचा द्राक्षारस दोन-तीन घोट, वर पाण्याचा थेंब. तो सर्वांसमोर उचलला जातो. लपविला जात नाही. तो एक असतो. श्रीमंतांचा वेगळा आणि मजुरांचा वेगळा नसतो. शेवटी तो धुऊन, पुसून, झाकून ठेवला जातो. चपटीच्या प्रत्येक गुणाच्या नेमका उलट! काना गावच्या लग्नाचा दाखलाही आम्हांस वारंवार ऐकविला जातो. तेथे सहा दगडी रांजण होते, ते हातपाय धुण्याच्या पाण्याचे होते, आणि ज्याने तो द्राक्षारस प्रथम चाखला त्याने पेला कोणत्या आकाराचा आहे हे विचारल्याचे शुभवर्तमानात नमूद नाही.

आता सरकारच्या दरबारी बाटलीचा आकार कोठे लागतो तेही पाहू. आमच्या राज्यात मतपत्रिकेवर बाटलीचे चित्र छापले जाते; जगात अशी चित्रे फार ठिकाणी छापली जात नसावीत. २००८ सालच्या नियमांनुसार गावातील एक-चतुर्थांश स्त्री मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासंबंधी मतदान घेतले जाते. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. मात्र आडवी जिंकण्यासाठी झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण मतदार स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. समजा, गावात ४०० स्त्री मतदार आहेत. त्यांतील १५० जणी दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेल्या. उरलेल्या २५० पैकी १९० जणींनी आडवीवर शिक्का मारला आणि केवळ ६० जणींनी उभीवर. तरीही दुकान चालूच राहणार, कारण २०१ मते भरली नाहीत. फडावर कोयता चालविणारी बाई, जिची उचल नवऱ्याने चपटीत घातली, तिचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. ब्रिस्टॉलच्या बाकदार पेल्याने डोळ्याला फसविले. या नियमाने मोजदादीलाच फसविले. निवडणुका झालेल्या मतांवर जिंकल्या जातात, मग दुकान बंद करण्याचीच कसोटी वेगळी का? मंठ्यासह जालना जिल्ह्यातील ज्या गावांतून तोडीला टोळ्या जातात, त्या गावांत असे मतदान तोडणी संपून माणसे परतल्यावरच घ्यावे, ही मागणी आमच्या कुटुंबांनी ग्रामसभेत केलीच पाहिजे.

कोणी म्हणेल, फादर, पिऊच नका असे सरळ सांगा ना! ज्यांना तसे राहता येते त्यांना आम्ही तसेच सांगतो. मद्याचे आरोग्यास पूर्णपणे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ शब्दांत सांगितलेले आहे. आणि ज्याला एक घोट घेतल्यावर थांबता येत नाही, त्याच्यासाठी तर जगातील एकाही कारागिराने योग्य पेला बनविलेला नाही. तो आजारी आहे. त्याला उपदेशाहून उपचार हवा, आणि त्याच्या घरातील कपाटात पेल्यांचा संच ठेवणे ही त्याची क्रूर थट्टा आहे. तो संच आजच उचलावा. पण ज्या घरांत सणासमारंभाला मद्य दिले जाते आणि उद्याही दिले जाईल, त्या घरांना केवळ ‘नको’ म्हणून आम्ही तोंड फिरविले, तर तेथे पेला निवडण्याचे काम विकणारा करतो.

म्हणून आमच्या कुटुंबांकडे आमच्या मागण्या आहेत, आणि त्या आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. लग्नात आणि स्नानसंस्काराच्या जेवणात पेल्यांचे संच भेट देण्याची प्रथा बंद करावी. तांब्या-फुलपात्राने आजवर कोणाचे नुकसान केलेले नाही. जेथे मद्य वाढलेच जाते, तेथे ते अरुंद, सरळ, पारदर्शक ग्लासात आणि मापाने वाढावे. ‘अंदाजाने’ हा शब्द त्या टेबलावर नको. पाण्याचा ग्लास आधी आणि मोठा असावा. मुलांच्या हाती ट्रे देऊन त्यांच्याकडून पेले फिरवून घेऊ नयेत. व्हिस्कीसाठी कायद्याने २५ वर्षे वय ठरविले आहे, ते काही उगीच नव्हे. मांडवाच्या पुढे निमुळता पेला आणि मांडवाच्या मागे चपटी, अशी दोन भांडी एका समारंभात नसावीत. जे पुढे वाढण्यास लाज वाटते ते मागेही नको. मागच्या माणसाला पुढे बोलवावे, आपल्या शेजारी बसवावे आणि त्याला तोच चहा, तोच रस, त्याच कपातून द्यावा.

पेला कोणत्या आकाराचा असावा, असे आम्हांस कोणी विचारले तर आमचे उत्तर सरळ आहे. किती ओतले ते दाखवणारा, खाली ठेवता येणारा, आणि घरातील कोणापासूनही लपवावा न लागणारा. एवढे पाहून जो कोणी पेला निवडील त्याच्याशी आमचा वाद नाही. बाकीच्यांशी आहे, आणि तो आम्ही चालू ठेवू.